मिखाइल ताल यांच्या डावांचा अभ्यास कसा करावा

मिखाइल ताल यांचे नाव बुद्धिबळाच्या जगात ‘रिगाचा जादूगार’ या बिरुदासह घेतले जाते, आणि या बिरुदानेच त्यांच्या खेळाच्या अभ्यासाचे बरेच नुकसान केले आहे. कारण जी गोष्ट जादू म्हणून पाहिली जाते तिला टाळ्या मिळतात, पण ती आपल्यालाही शिकता येईल असे सहसा कोणाला वाटत नाही. काही वाचक ताल यांचे डाव करमणूक म्हणून चाळतात आणि बाजूला ठेवतात, तर काही उत्साही खेळाडू, विशेषतः शाळकरी वयातले, असे दोन-चार डाव पाहून झाले की पुढच्याच स्पर्धेत कारण नसताना घोडा देऊन बसतात आणि विसाव्या खेळीच्या आत हरतात. प्रस्तुत लेख या दोघांसाठी आहे. ताल यांच्या आक्रमणामागे हिशेब होता, तो शेवटच्या खेळीपर्यंतचा मात्र नसे, आणि तो नेमका कुठपर्यंत जात असे हे शोधणे हाच त्यांच्या डावांचा खरा अभ्यास होय, अशी या लेखाची भूमिका आहे.

ताल यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३६ रोजी लात्व्हियाची राजधानी रिगा येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. त्यांच्या उजव्या हाताला जन्मतः तीनच बोटे होती आणि मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना आयुष्यभर छळले. आलेक्सांद्र कोब्लेन्त्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते तयार झाले, १९५३ मध्ये लात्व्हियाचे विजेते ठरले, आणि १९५७ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, सोव्हिएत संघाची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या काळी ही स्पर्धा जिंकणे किती कठीण होते याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. जगातले बहुतेक अव्वल खेळाडू त्या एकाच देशात होते आणि त्यामुळे तिची काठिण्यपातळी अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांपेक्षा वरची असे. ताल यांनी हे अजिंक्यपद पुढच्याच वर्षी राखले आणि एकूण सहा वेळा मिळवले. विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवण्यासाठी १९५९ मध्ये युगोस्लाव्हियात झालेल्या स्पर्धेत आठ खेळाडू एकमेकांशी प्रत्येकी चार डाव खेळले. त्या अठ्ठावीस डावांत ताल यांनी २० गुण मिळवून पॉल केरेस यांना दीड गुणाने मागे टाकले आणि सोळा वर्षांच्या बॉबी फिशर यांना चारही डावांत हरवले. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या पुश्किन नाट्यगृहात त्यांनी मिखाइल बॉटविनिक यांचा १२॥–८॥ असा पराभव केला आणि तेविसाव्या वर्षी ते तोवरचे सर्वांत तरुण विश्वविजेते झाले.

या यशाचे साधन म्हणून ज्याचा उल्लेख नेहमी होतो ते म्हणजे बलिदान, आणि अभ्यासाची सुरुवात या शब्दाचा अर्थ नीट लावण्यापासूनच व्हायला हवी. बुद्धिबळात प्यादे एक गुणाचे, घोडा व उंट प्रत्येकी तीन गुणांचे, हत्ती पाच गुणांचा आणि वजीर नऊ गुणांचा असा ठोकताळा शिकवला जातो, आणि बलिदान म्हणजे या हिशेबात जाणूनबुजून तोट्यात जाणे होय. ऑस्ट्रियाचे आक्रमक खेळाडू रुडॉल्फ श्पीलमान यांनी १९३०च्या दशकात बलिदानाचे दोन प्रकार पाडले होते. पहिल्या प्रकारात दिलेला मोहरा चार-पाच सक्तीच्या खेळ्यांनंतर परत मिळतो किंवा मात होते, आणि हे सारे आधीच मोजता येत असल्याने त्याला बलिदान म्हणणे हे केवळ बोलण्यापुरते असते. दुसऱ्या प्रकारात मोहऱ्याच्या बदल्यात तात्काळ काहीच हाती लागत नाही. हाती येतो तो पुढाकार, म्हणजे अशी स्थिती की आपण धमक्या द्याव्यात आणि प्रतिस्पर्ध्याने त्यांना उत्तरे देत राहावे. ताल यांची ख्याती या दुसऱ्या प्रकारावर उभी आहे. ज्याला दोन खेळ्यांतली मात बिनचूक दिसत नाही त्याने मात्र आधी पहिल्या प्रकारचा भरपूर सराव करावा, कारण पायाच नसेल तर दुसऱ्या प्रकाराकडे वळणे म्हणजे केवळ मोहरे उधळणे ठरते.

दुसऱ्या प्रकारच्या बलिदानात काय मोजले जाते हे पाहण्यासाठी १९६५ मध्ये ब्लेड येथे डेन्मार्कच्या बेंट लार्सन यांच्याविरुद्ध झालेला डाव पटावर मांडणे सर्वांत सोयीचे आहे. आव्हानवीर निवडीच्या उपांत्य सामन्यातला हा दहावा आणि निर्णायक डाव होता. तोपर्यंत दोघांचे गुण समान होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या ताल यांनी वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला होता, लार्सन यांनी राजाच्या बाजूला, आणि पंधरा खेळ्यांनंतर पटाचे रूप पुढीलप्रमाणे होते. पांढऱ्याचा राजा सी१ वर, वजीर एफ३ वर, हत्ती डी१ व एच१ वर, उंट डी३ व डी४ वर, घोडा सी३ वर आणि प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ४, जी५, एच२ या घरांत होती. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर बी८ वर, हत्ती ए८ व एफ८ वर, उंट सी८ व ई७ वर, घोडा डी७ वर आणि प्यादी ए६, बी४, डी६, ई६, एफ७, जी७, एच७ या घरांत होती. लार्सन यांचे बी४ वरचे प्यादे सी३ वरच्या घोड्यावर चालून आले होते, आणि सामान्य खेळाडूने तो घोडा मागे घेतला असता.

ताल यांनी तो घोडा डी५ वर, म्हणजे थेट ई६ वरच्या काळ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. प्याद्याने घोडा मारला, ई४ वरच्या पांढऱ्या प्याद्याने डी५ वरचे प्यादे मारले, आणि पांढऱ्याकडे घोड्याच्या मोबदल्यात केवळ एक प्यादे उरले. वाचकाने येथे थांबून पटाकडे पाहावे. ई४ वरचे प्यादे बाजूला होताच डी३ वरच्या उंटाची तिरकी वाट थेट एच७ पर्यंत मोकळी झाली. डी४ वरच्या उंटाची वाट जी७ पर्यंत मोकळी होतीच. आणि राजाच्या पुढची हीच दोन प्यादी दोन्ही उंट एकापाठोपाठ देऊन उडवण्याची जुनी युक्ती, जी इमान्युएल लास्कर यांनी १८८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे योहान बाउअर यांच्याविरुद्ध वापरली होती, आता डोक्यावर टांगती राहिली. ई-स्तंभही उघडला आणि त्या स्तंभावर ई७ चा काळा उंट हत्तीच्या माऱ्यात येण्याच्या बेतात होता. दुसरीकडे काळ्याचा वजीर बी८ वर, हत्ती ए८ वर आणि उंट सी८ वर असे तीन मोहरे एका कोपऱ्यात एकमेकांची वाट अडवून बसले होते. एकूण गुणांत पांढरा मागे होता. पण काळ्या राजाच्या आसपास ज्यांना दोन खेळ्यांत पोहोचता येईल अशाच मोहऱ्यांची मोजदाद केली, तर पांढऱ्याकडे वजीर, दोन उंट, एक हत्ती आणि पुढे सरकलेली प्यादी एवढी फौज होती, आणि काळ्याकडे रक्षणाला एक हत्ती, एक उंट आणि एक घोडा. ताल यांनी केलेला हिशेब तो हाच. पूर्ण पटावर कोणाकडे किती मोहरे आहेत यापेक्षा लढाईच्या जागेवर कोणाकडे किती आहेत, हा प्रश्न त्यांच्या जवळपास प्रत्येक बलिदानाला लावून पाहावा, आणि बहुतेक वेळा उत्तर असेच मिळते.

या डावातला याहून महत्त्वाचा धडा पुढच्या दोन खेळ्यांत आहे. लार्सन यांनी एफ-प्यादे दोन घरे पुढे टाकून डी३ च्या उंटाची वाट बंद केली. पुढील विश्लेषकांनी येथे जी-प्यादे एक घर पुढे ढकलण्याचा बचाव अधिक चांगला मानला आहे. एक घोडा कमी असताना आक्रमकाने आता शहांचा भडिमार करावा अशी अपेक्षा असते. ताल यांनी मात्र डी१ चा हत्ती शांतपणे ई१ वर आणला, आणि काळ्याने हत्ती एफ७ वर आणून उंटाला आधार दिल्यावर एच-प्यादे दोन घरे पुढे सरकवले. या दोन्ही खेळ्यांत ना शह आहे ना मारामारी, तरीही काळ्याला सुटकेची वाट मिळत नाही, कारण कोपऱ्यातले तीन मोहरे बाहेर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पांढऱ्याचे उरलेले मोहरे जागेवर येतात. विसाव्या खेळीत उंटाने एफ५ चे प्यादे मारले, हत्तीने तो उंट मारला, पांढऱ्या हत्तीने ई७ चा उंट टिपला आणि आक्रमण पुन्हा पेटले. चौतिसाव्या खेळीत उंट सी५ वर देऊन वजिराला ओढून काढले गेले आणि सदतिसाव्या खेळीला डाव संपला. नवशिक्या अनुकरणकर्त्याची चूक बहुधा याच ठिकाणी होते. तो बलिदान करतो आणि आपल्याजवळ वेळ नाही असे समजून घाईने शह देत सुटतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा राजा उलट सुरक्षित घरी पोहोचतो. ताल यांच्या डावात बलिदानानंतरची पहिली शांत खेळी कोणती हे शोधण्याची सवय वाचकाने लावून घ्यावी. ती सापडली की बलिदान का चालले हे आपोआप उलगडते.

मोजदाद कुठे थांबवावी, हा यानंतरचा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचे उत्तर ताल यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात दिले आहे. येवगेनी वास्युकोव्ह यांच्याविरुद्धच्या एका डावात घोड्याचे बलिदान करावे की नाही याचा विचार करताना शाखांना शाखा फुटत गेल्या, गुंता वाढला, आणि कोर्नेय चुकोव्हस्की यांच्या बालकवितेतला, दलदलीतून पाणघोडा ओढून काढण्याच्या कष्टांचा प्रसंग अकारण मनात घुसला. पाणघोडा कसा काढावा याचा विचार करता करता घड्याळ पुढे सरकले, तो काही निघत नाही असे पाहून त्याला बुडू द्यायचे ठरले, आणि मग बलिदान शेवटपर्यंत मोजता येण्याजोगे नाही हे मान्य करून केवळ आतल्या प्रेरणेवर ते करून टाकले, असे त्यांनी लिहिले आहे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मात्र चाळीस मिनिटांच्या सखोल विचारानंतर केलेले अचूक बलिदान असे त्याचे वर्णन आले होते. ही हकीकत गमतीची म्हणून पुष्कळ सांगितली जाते, परंतु तिचा उपयोग अधिक गंभीर आहे. आतली प्रेरणा हा शब्द येथे अंदाजपंचे या अर्थाने नाही; हजारो डाव पाहिलेल्या मनाला एखादी रचना ओळखीची वाटणे असा त्याचा अर्थ आहे, आणि ज्याने ते हजारो डाव पाहिलेले नाहीत त्याच्या प्रेरणेला तेवढी किंमत नसते. म्हणून ज्या अभ्यासकाला ताल यांच्याप्रमाणे मोजणे थांबवण्याचा हक्क हवा असेल त्याने आधी तेवढे डाव नजरेखालून घालावेत.

१९६० च्या सामन्यातला सहावा डाव या संदर्भात प्रत्येक अभ्यासकाने पाहायला हवा, कारण त्यातले बलिदान पुढे चुकीचे ठरवले गेले आणि तरीही ते यशस्वी झाले. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ताल यांनी एकविसाव्या खेळीत घोडा एफ४ वर देऊन टाकला. नाट्यगृहात एवढा गलबला झाला की उरलेला डाव मागच्या खोलीत हलवावा लागला. पांढऱ्या प्याद्याने घोडा मारला, ई५ वरच्या काळ्या प्याद्याने एफ४ वर मारून पांढऱ्या उंटावर हल्ला केला, जी७ वरच्या काळ्या उंटाची लांब तिरकी रेषा उघडली, आणि काळ्याचे वजीर, दोन हत्ती, दोन उंट एकाच वेळी कामाला लागले. बॉटविनिक यांच्यापुढे दर खेळीला तीन-चार संभाव्य वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेत वेगळा धोका होता. काळ्याने एफ-प्यादे पुढे सरकवून वजिरावर रोखले तेव्हा, म्हणजे पंचविसाव्या खेळीत, ते प्यादे उंटाने मारायला हवे होते. त्यानंतरच्या गुंत्यात सत्ताविसाव्या खेळीला उंट ई४ वर आणण्याची एक नाजूक खेळी पांढऱ्याला वरचढ करते, असे डाव संपल्यावर विश्लेषकांनी दाखवून दिले. पटावर बसलेल्या बॉटविनिक यांना मात्र, घड्याळ चालू असताना, ती वाट सापडली नाही. त्यांनी हत्तीने वजीर मारला, काळ्या प्याद्याने पांढरा वजीर मारला आणि पुढे ताल यांनी डाव जिंकला.

हे पाहून काही समीक्षकांनी ताल यांना जुगारी म्हटले. हा आरोप अन्यायाचा आहे, कारण दोन बाजूंनी खेळला जाणारा डाव ही एक लढत असते, आणि प्रतिस्पर्ध्याला मर्यादित वेळात किती अचूक खेळ्या शोधाव्या लागतील हा त्या लढतीचाच एक भाग आहे. एका बाजूला पाच खेळ्या सहज सुचणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूला पाचपैकी पाच एकुलत्या एक बरोबर खेळ्या शोधायची वेळ, अशी असमान विभागणी ज्याने केली त्याने प्रतिस्पर्ध्यावर नुसती धमकी नव्हे, तर कामाचे ओझेही टाकलेले असते. तथापि येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संगणकीय इंजिन पटासमोर कधीही घाबरत नाही, त्याला वेळेची टंचाई जाणवत नाही, आणि म्हणून या डावांकडे आधी इंजिनच्या आकड्यांतून पाहिले तर अभ्यासकाला एवढेच कळते की बलिदान चूक होते. बॉटविनिक यांची अडचण त्या आकड्यात दिसत नाही. इंजिन वापरावे, पण सर्वांत शेवटी, स्वतःचे उत्तर वहीत लिहून झाल्यावर.

या पद्धतीला उतारा नव्हता असेही नाही. १९६१ च्या परतीच्या सामन्यात एकोणपन्नास वर्षांच्या बॉटविनिक यांनी ताल यांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास करून बंदिस्त रचना निवडल्या, वजिरांची मारामारी लवकर घडवून आणली, डाव अंतिम पर्वाकडे वळवले, आणि १३–८ असा मोठा विजय मिळवला. त्यांनी दहा डाव जिंकले, ताल यांनी पाच. ताल यांची प्रकृती त्या वेळी चांगली नव्हती आणि डॉक्टरांनी सामना पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता हे खरे, पण सारा पराभव आजारपणावर ढकलणे योग्य होणार नाही. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला मोकळ्या रेषा आणि पटावर भरपूर मोहरे हवे असतात, आणि प्रतिस्पर्धी ते दोन्ही नाकारू शकतो, हा धडा त्या सामन्यात आहे. वाचकाने १९६० चे डाव पाहून झाल्यावर १९६१ चे काही डाव तितक्याच आस्थेने पाहावेत.

या पराभवानंतर ताल पुन्हा विश्वविजेतेपदापर्यंत पोहोचले नाहीत. १९६२ मध्ये क्युरासाओच्या स्पर्धेतून आजारपणामुळे त्यांना माघार घ्यावी लागली, १९६५ मध्ये आव्हानवीर निवडीच्या अंतिम सामन्यात बोरिस स्पास्की यांनी त्यांना हरवले, १९६९ मध्ये एक मूत्रपिंड काढावे लागले. त्यांच्या धूम्रपानाच्या आणि रात्रीच्या जागरणांच्या सवयी प्रसिद्ध आहेत; त्यांना प्रतिभेचा भाग समजण्याची चूक कोणीही करू नये, त्या सवयींनी प्रतिभेची वर्षे कमीच केली. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या काळात घडलेली गोष्ट अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. जुलै १९७२ ते एप्रिल १९७३ या काळात ताल सलग ८६ डाव अपराजित राहिले, आणि ऑक्टोबर १९७३ ते ऑक्टोबर १९७४ या काळात सलग ९५ डाव, ज्यांत ४६ विजय होते. दुसरी मालिका २०१८ मध्ये डिंग लिरेन यांनी शंभर डावांपर्यंत मजल मारीपर्यंत अव्वल दर्जाच्या बुद्धिबळातला विक्रम होती. ज्या खेळाडूला जगाने जुगारी म्हटले त्यानेच वर्षभर न हरण्याचा विक्रम करावा, यातून त्याचा बचाव आणि अंतिम पर्व किती पक्के होते ते दिसते. आक्रमण करण्याचे धाडसही त्याला याच पक्केपणामुळे परवडत होते, कारण बलिदान फसले तरी उरलेला डाव वाचवण्याची ताकद हाताशी होती. या टप्प्यातल्या ताल यांच्या डावांकडे दुर्लक्ष होते, आणि मराठीतल्या प्रशिक्षकांनी मुलांसमोर मुद्दाम हेच डाव मांडावेत, अशी विनंती येथे करावीशी वाटते.

आक्रमणातून मातच व्हायला हवी असे नाही, हे १९५९ च्या आव्हानवीर स्पर्धेतल्या वासिली स्मिस्लॉव्ह यांच्याविरुद्धच्या डावात सुंदर दिसते. माजी विश्वविजेते स्मिस्लॉव्ह अंतिम पर्वाचे मोठे जाणकार. त्या डावात ताल यांनी चौदाव्या खेळीला वजीर एच४ वर नेताना सी४ वरचा उंट काळ्या प्याद्याच्या तोंडी सोडून दिला, पुढे घोडा एच६ वर शहासह घुसवला, आणि एकोणिसाव्या खेळीला वजिराने एफ७ चे प्यादे मारले. काळ्याने हत्तीने तो वजीर लगेच मारला असता, तर हत्ती डी८ वर शह देऊन आणि घोडा एफ७ वर आणून मात झाली असती, कारण काळ्या राजाच्या भोवतीची घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली राहिली असती. स्मिस्लॉव्ह यांनी आधी ए१ वर शह देऊन वजीर परत मिळवण्याची वाट शोधली, पण पुढच्या काही खेळ्यांत सारी मारामारी संपली तेव्हा पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि काळ्याकडे एकच उरला होता, आणि सव्विसाव्या खेळीला त्यांनी डाव सोडला. येथे आक्रमणाचे फळ मात नाही, उंटाच्या बदल्यात हत्ती एवढा फायदा आहे.

आता पद्धतीबद्दल. डाव पडद्यावर नव्हे, लाकडी किंवा प्लास्टिकच्या खऱ्या पटावर मांडावा, कारण मोहरा हाताने उचलून ठेवताना त्याच्या पुढच्या वाटा डोळ्यांना अधिक दिसतात. बलिदानाच्या आधीच्या स्थितीत पुस्तक झाकावे आणि वीस मिनिटे देऊन तीन गोष्टी लिहाव्यात: प्रतिस्पर्ध्याच्या राजाजवळ दोन खेळ्यांत पोहोचू शकणारे आपले मोहरे किती व त्याचे रक्षक किती, बलिदानाने नेमक्या कोणत्या रेषा उघडतील, आणि प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या मोहऱ्याला रक्षणाला यायला सर्वांत जास्त खेळ्या लागतील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अभ्यासक टाळतात, पण लार्सन यांच्या डावात सारा निकाल बी८, ए८ आणि सी८ या तीन घरांनी दिला. त्यानंतर ती स्थिती एखाद्या मित्राबरोबर घड्याळ लावून प्रत्येकी पंधरा मिनिटांत खेळावी, आणि मग बाजू बदलून पुन्हा खेळावी. ज्याने बचावाची बाजू स्वतः सांभाळलेली नाही त्याला बॉटविनिक यांच्यावर पडलेले ओझे कळत नाही.

स्वतःच्या डावांचे एक छोटे टिपण ठेवणेही फायद्याचे आहे. ज्या डावात मोहरा दिला त्या प्रत्येक डावात तो का दिला याचे एका वाक्यातले कारण स्पर्धेच्या दिवशीच लिहून ठेवावे. कारण लिहिता आले नाही, किंवा ‘खेळ रंगतदार व्हावा म्हणून’ असे लिहावे लागले, तर ते बलिदान नव्हते. आपला राजा किल्लेकोटाविना मध्यभागी उभा असताना, किंवा निम्मे मोहरे अजून मूळ घरांवर असताना मोहरा देणे हा दोष नवशिक्यांत सर्वाधिक आढळतो. ताल यांच्या डावांत असे क्वचितच दिसेल. सुरुवातीच्या रचनांपैकी ताल यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना सिसिलियन, किंग्ज इंडियन आणि बेनोनी या बचावांचा पुष्कळ वापर केला, कारण त्यांत दोन्ही बाजूंची प्यादी वेगवेगळ्या ढंगाने उभी राहतात आणि सरळ मोहरेमारीने डाव बरोबरीत सुटण्याची शक्यता कमी राहते. ज्याला आक्रमणाचा अभ्यास करायचा आहे त्याने यांपैकी एकच बचाव घेऊन त्यातल्या नमुनेदार रचना ओळखीच्या करून घ्याव्यात. तिन्ही एकदम धरणे व्यर्थ होय.

भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने या नावाशी असलेले एक नाते नमूद करण्याजोगे आहे. विश्वनाथन आनंद यांच्या बालपणातला बुद्धिबळाचा वावर चेन्नईतल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील ज्या क्लबमध्ये झाला, त्या क्लबचे नाव ताल यांच्यावरूनच ठेवलेले होते.

ताल यांचे आत्मचरित्र स्वतःच स्वतःची मुलाखत घेतल्याप्रमाणे, पत्रकार आणि बुद्धिबळपटू यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले आहे. त्यांचे १९६० च्या सामन्यावरचे पुस्तकही वेगळे आहे, आणि दोन्हींचे इंग्रजी अनुवाद मिळतात. तरीही सुरुवातीच्या एका महिन्यासाठी वर सांगितलेले तीनच डाव, म्हणजे स्मिस्लॉव्ह १९५९, बॉटविनिक १९६० चा सहावा आणि लार्सन १९६५ चा दहावा, पुरेसे आहेत. प्रत्येकाला किमान एक आठवडा द्यावा, चौथ्या आठवड्यात तिन्हींतील बलिदानाच्या स्थिती न पाहता पटावर मांडून पाहाव्यात, आणि त्यानंतरच १९७३-७४ च्या अपराजित मालिकेतला एखादा शांत डाव हाती घ्यावा. २८ जून १९९२ रोजी मॉस्कोत ताल यांचे निधन झाले. त्याच्या एकच महिना आधी, २८ मे रोजी, त्याच शहरातल्या झटपट डावांच्या स्पर्धेत आजारी ताल यांनी तत्कालीन विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले होते.